कृष्णधवलापासून राणी कलरपर्यंत

रस्त्यावरचे फोटो काढू लागलेला माणूस लांबूनही ओळखता येतो. रविवारी सकाळी तो मंडईत शिरतो, पण पिशवी न घेता. अंगात काळा टी-शर्ट, मनगटाला पट्टा गुंडाळून धरलेला कॅमेरा, आणि आपण कोणाच्याही लक्षात येत नाही याची पक्की खात्री. प्रत्यक्षात अख्खी गल्ली त्याच्याकडेच पाहत असते. मेथीवाली जुड्या मागे सरकवते. शेजारचा हातगाडीवाला दबक्या आवाजात विचारतो, "साहेब, म्युन्सिपाल्टीचे का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग पेपरात येणार का?" तेही नाही म्हटल्यावर दोघांचाही त्याच्यातला रस संपतो. फोटो काढायची योग्य वेळ नेमकी तीच असते, पण हे कळायला त्याला आणखी बरेच रविवार लागायचे असतात.

घरी आल्यावर हा होतकरू गृहस्थ सगळे फोटो कृष्णधवल करतो. का, असं विचारलं तर ‘रंगांमुळे आशयावरून लक्ष उडतं’ असं सांगतो. खरं कारण असं, की त्या फोटोत टोमॅटो, निळे क्रेट, पोपटी प्लास्टिक, शाम्पूची जाहिरात आणि कोणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हे सगळं एकदमच बोलत असतं. रंग काढून टाकला की सगळे गप्प बसतात, आणि फ्लेक्सवरचे भाऊसुद्धा जरा विचारवंत वाटू लागतात.

कॅमेऱ्याने मात्र रंग टिपायला केवढी यातायात केलेली असते! कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या रंगीत जाळीचं पेटंट मिळालं, ती आजही बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या आणि मोबाइलच्या सेन्सरवर बसलेली असते. तिच्या दर चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. हिरवी दुप्पट, कारण उजेडातले बारीक फरक माणसाच्या डोळ्याला हिरव्यात सर्वांत चांगले कळतात. प्रत्येक घराला स्वतःचा एकच रंग ठाऊक असतो. बाकीचे दोन शेजारपाजारी विचारून, हिशेब करून भरले जातात. अंगठ्याएवढ्या जागेत लाखो घरांची ही शेजारधर्माची कसरत पार पडते, आणि होतकरू एक बटण दाबून ती रद्द करतो.

रंगांच्या या तिटकाऱ्याला थोर परंपरा आहे. मंदीच्या काळातली अमेरिका टिपणारे वॉकर इव्हान्स यांनी १९६९ साली लिहून टाकलं होतं, की रंगीत छायाचित्रण ग्राम्य असतं. विषय संपला, असं सगळ्यांना वाटलं. पुढे १९७३ मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांच्या हाती पोलरॉइडचा एसएक्स-७० हा कॅमेरा आला. फोटो तिथल्या तिथे, तोही रंगीत. आणि फिल्म कंपनीच पुरवत होती, हवी तेवढी. इव्हान्स यांनी अडीच हजारांहून जास्त रंगीत फोटो काढले. दुकानांच्या पाट्या, रस्त्यावर रंगवलेले बाण, पडलेला कचरा, मित्रमंडळींचे चेहरे, काही म्हणून सोडलं नाही. फुकटच्या फिल्मपुढे भल्याभल्यांची तत्त्वं सैल पडतात, हा एक अर्थ. दुसरा अर्थ असा, की शिकायला सत्तरी ही काही फार उशिराची वेळ नव्हे.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मेम्फिसच्या विल्यम एगल्स्टन यांची रंगीत चित्रं भिंतीवर लावली. त्यातल्या एका फोटोत होती लहान मुलाची तीनचाकी सायकल. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाला सगळा प्रकार साफ कंटाळवाणा वाटला. आज त्या प्रदर्शनाचं नाव घेतल्याशिवाय रंगीत छायाचित्रणावरचं व्याख्यान सुरू होत नाही, आणि त्या तीनचाकीचा फोटो तर लिलावात लाखो डॉलरच्या घरात विचारला जातो.

आपल्याकडे कृष्णधवलाचं व्रत सहसा जेजुरीला मोडतं. सोमवती अमावास्येला गडावर भंडाऱ्याची उधळण सुरू झाली की पायऱ्या, दीपमाळा, माणसं, पालखी, सगळं हळदीत बुडतं. असा फोटो कृष्णधवल केला तर तो सिमेंटचं पोतं फुटल्यासारखा दिसतो. व्रत ठेवावं की फोटो ठेवावा, असा पेच पडतो आणि होतकरू फोटो ठेवतो.

तिथेही कॅमेरा त्याचा पहिला मुखभंग करतोच. ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ नावाची सोय चोहीकडे पिवळं पाहून गोंधळते. उजेडच पिवळा पडला आहे अशी तिची समजूत होते आणि ती इमानेइतबारे निळा रंग मिसळून पिवळा उतरवायला लागते. भंडारा जातो आणि बेसन उरतं. जाणते लोक अशा वेळी कॅमेऱ्याची अक्कल बंद करून त्याला उन्हाच्या उजेडावर, म्हणजे साधारण ५,५०० केल्विनवर, बांधून ठेवतात. उरलेली हळद लेन्सच्या झूमच्या कडीत शिरते. दुरुस्तीवाला लेन्स कानाशी धरून कडी फिरवतो आणि एवढंच विचारतो, "जेजुरी का?"

जेजुरीहून परतलेला माणूस रंगाच्या बाबतीत हात सैल सोडतो. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सॅच्युरेशन’ नावाची एक सरकपट्टी असते. ती उजवीकडे ढकलता येते याचा शोध त्याला याच सुमारास लागतो. अलिबागचं आकाश मोरपंखी होतं. काकूंच्या कपाळावरचं कुंकू सिग्नल दाखवायला लागतं. चुलत्याच्या लग्नात काढलेल्या पंगतीत जिलबी तेवढी दिसते, माणसं तिच्या मागून जेवतात. नातेवाईक हे फोटो फार आवडल्याचं सांगतात, आणि तिथेच पाय घसरतो.

तिसरी पायरी लाल छत्रीची. तिला कारणीभूत सॉल लायटर.

लायटर यांचा जन्म पिट्सबर्गचा, १९२३ चा. वडील ज्यूधर्माचे मोठे पंडित. मुलानेही धर्मशास्त्रच शिकावं अशी घरची इच्छा. मुलाने १९४६ मध्ये ते शिक्षण सोडून चित्रकार व्हायला न्यूयॉर्क गाठलं आणि १९४८ पासून रस्त्यावर रंगीत फोटो काढायला सुरुवात केली, जेव्हा कलावंतांत ते कोणी करत नव्हतं. मुदत संपलेली फिल्म स्वस्त पडते म्हणून तीही वापरली. तिच्यातले रंग किंचित भरकटत, आणि ते भरकटणं लायटर यांना चालत असे. बहुतेक फोटो राहत्या घराच्या आसपासच्या गल्ल्यांतले: वाफ धरलेल्या काचेमागचा माणूस, बर्फातून जाणारी लाल छत्री, दोन फळ्यांच्या फटीतून दिसणारा रस्ता. स्लाइड्सचे खोके वर्षानुवर्षं घरातच पडून राहिले. ‘अर्ली कलर’ हे पुस्तक आलं २००६ मध्ये, तेव्हा लायटर ऐंशी ओलांडून गेले होते.

होतकरू हे पुस्तक पाहतो आणि त्यातली छत्री तेवढी घेतो. जुलैच्या मुसळधार पावसात दादरच्या पुलाखाली उभा राहतो. मुंबई त्याच्यासमोरून शेकडो छत्र्या नेते: काळ्या, करड्या, बँकेने फुकट वाटलेल्या, काडी तुटलेल्या. लाल एकही नाही. शेवटी एक येते, तिच्यावर तंबाखूविरहित पानमसाल्याची जाहिरात असते. काही मंडळी यावर उपाय म्हणून बहिणीला लाल छत्री देऊन समोरून चालायला लावतात. तो फोटो बरा येतो, फक्त तिसऱ्या खेपेनंतर बहिणीचा चेहरा छत्रीपेक्षा लाल होतो.

लायटर यांच्या चित्रांत खरं पाहायचं असतं ते छत्रीच्या भोवती. चौकटीचा मोठा भाग काळपट, ओला, धूसर ठेवलेला असतो, म्हणून चिमूटभर लाल पुरतो. मुंबईच्या पावसाळ्यात असं मोठं पटांगण आयतं मिळतं, ते निळ्या ताडपत्रीचं. भर दुपारी ताडपत्रीखालच्या भाजीच्या गाळ्यात उभं राहून पाहावं. उजेड निळा गाळून आलेला असतो. काकड्या थंडगार दिसतात, टोमॅटो जांभळट पडतात, तराजूचं पितळ रया गेल्यागत मळकं होतं. भाजीवाली हे सगळं ओळखून असते. ती टोमॅटोच्या ढिगावर नेमका एक पिवळा बल्ब लोंबत सोडते, आणि निळ्या गाळ्यात तेवढाच ढीग पेटून उठतो. पलीकडचा फळवाला लाल सफरचंदाखाली हिरवा कागद पसरतो, कारण हिरव्याशेजारी लाल अधिक लाल दिसतो. कलाशाळेत ज्याला पूरक रंग म्हणतात, ते इथे डझनाच्या भावात उपयोगी पडतात. फोटोग्राफरने इथे काही जमवून आणायचं नसतं. पुढे सरकणाऱ्या गिऱ्हाइकाचा हात त्या पिवळ्या वर्तुळात येईपर्यंत थांबायचं असतं. तेवढ्यात भाजीवाली म्हणतेच, "दादा, घ्यायचं नसेल तर उजेड सोडा."

रंगीत छायाचित्रणात या शहराचं खातं तसं जुनं आहे. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला दाखवला गेला, हे आपल्याकडे सर्वांना पाठ असतं. त्याच बंधूंनी १९०७ मध्ये ‘ऑटोक्रोम’ ही रंगीत फोटोची काच बाजारात आणली, आणि तिच्यात वापरला बटाटा. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून काचेवर पसरायचे, असा तो प्रकार. बटाट्याचे वड्याव्यतिरिक्त झालेले उपयोग मुंबईकराला सहसा पटत नाहीत, पण हा नोंदलेला आहे. पॅरिसचे धनाढ्य बँकर आल्बेर कान यांनी जगभर छायाचित्रकार धाडले. त्यातले स्तेफान पासे १९१३-१४ च्या हिवाळ्यात भारतात आले आणि मुंबईतही फोटो काढून गेले. ऑटोक्रोमला लख्ख उन्हातसुद्धा सेकंदभर किंवा जास्त वेळ लागे. एवढा वेळ मुंबईकर एका जागी उभा राहिला, हे त्या काचांनी नोंदवलेलं दुसरं आश्चर्य.

पुढे १९३५ मध्ये आली कोडाक्रोम. ती शोधणारे दोघेही लिओपोल्ड, आणि दोघेही वादक: मॅनेस पियानोवर, गोडोव्स्की व्हायोलिनवर. ही फिल्म कोडॅकने २००९ मध्ये बंद केली. कारखान्यातला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांनी मागून घेतला. ३६ फोटो, संपले की संपले. त्यातले काही त्यांनी मुंबईत हिंदी सिनेमाच्या नटनट्यांवर खर्च केले. नंतर तो रोल कॅन्सासमधल्या पार्सन्स गावात धुतला गेला. तिथल्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर कोडाक्रोम घेणंच बंद केलं. आज होतकरू एका वडापावचे ३६ फोटो काढतो, तोवर वडा गार होतो.

कोडाक्रोमवर भारतीय रस्ता ज्याने खऱ्या अर्थाने उतरवला, तो छायाचित्रकार म्हणजे रघुबीर सिंग. जन्म जयपूरचा, १९४२ चा. मृत्यू न्यूयॉर्कमध्ये, १९९९ साली. १९६६ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ जयपुरात फोटो काढत होते, ते काम सिंग यांनी जवळून पाहिलं. त्यातली चपळाई घेतली, कृष्णधवल घेतलं नाही. छायाचित्रणाचा शोध भारतात लागला असता, तर रंगात पाहावं की नाही हा वाद उद्भवलाच नसता, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४ चं. दुकानांच्या काचा, आरसे, गाडीच्या खिडक्या यांनी ते एकाच चौकटीत चार-पाच मुंबया बसवतात. प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि तरी कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही. हे कृष्णधवल करून पाहावं: सगळ्या मुंबया एकमेकींत घुसतात आणि काही म्हणजे काही कळत नाही.

एवढं सगळं पुस्तकांतून कळलं, तरी डोळा तयार व्हायला शाळा लागते. ती पुण्यात लक्ष्मी रोडला आहे, दादरला आहे, आणि प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत आहे. तिचं नाव मॅचिंग सेंटर.

जमिनीपासून छतापर्यंत ब्लाउजपीसच्या कापडाचे तागे, फिक्याकडून गडदाकडे लावलेले. बाई काउंटरवर साडीचा पदर टाकतात. पलीकडचा गृहस्थ पदराकडे एकदाच पाहतो, मान न वळवता हात मागे नेतो आणि तीन तागे ओढतो. तिन्ही गुलाबी. बायकोबरोबर आलेल्या होतकरूला तिन्ही एकच दिसतात. "हा राणी कलर, हा गुलबक्षी, आणि हा तुमच्या साडीचा नाही," गृहस्थ निकाल देतो. बाईंचा तेवढ्याने विश्वास बसत नाही. त्या साडी आणि तागा दोन्ही उचलून दुकानाच्या दारात, उन्हाच्या उजेडात जातात, कारण ट्यूबखाली जुळलेलं कापड उन्हात जुळेलच असं नाही. शास्त्रात याला मेटॅमरिझम म्हणतात: दोन वेगळे रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात. बाईंना शास्त्र माहीत असतं-नसतं, पण मागच्या दिवाळीला शिंप्याने कात्री लावल्यानंतर कळलेला फरक पक्का लक्षात असतो.

फोटोग्राफर ज्या गोष्टीसाठी महागड्या कार्यशाळेला जातो, ती इथे दारात उभं राहून फुकट बघायला मिळते. रंग नुसता पाहायचा नसतो. त्याच्या शेजारी काय आहे आणि उजेड कुठला आहे, हे धरून पाहायचा असतो. मेणबत्तीचा उजेड १,९०० केल्विनच्या आसपास, घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बचा २,८०० च्या, सावलीतला ७,००० च्याही वर. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली तर निळी आणि काळी साडी सहज अदलाबदल करून जातात. उजेडाच्या रंगावरून मुंबईकर भांडलासुद्धा आहे. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा राणीच्या गळ्यातला हार बदलला म्हणून केवढी ओरड झाली, आणि अखेर पिवळसर दिवे परत आले. एरवी खड्ड्यांना सरावलेले नागरिक केल्विनवर अडून बसले.

नवरात्रात या शिक्षणाची परीक्षा असते. दिवसागणिक एक रंग ठरवण्याची रीत मराठी वृत्तपत्रांनी गावोगाव पोचवली, आणि त्या नऊ दिवसांत सकाळच्या लोकलच्या महिला डब्यातून अख्खा डबा एका रंगाचा उतरतो. या बाबतीत स्त्री छायाचित्रकार पुढे आहेत, त्यांना आत जाता येतं; पुरुषांनी प्लॅटफॉर्मवरून लांबूनच पाहायचं आणि तेही बेताने. पहिल्या वर्षी होतकरू पिवळ्या गर्दीचा फोटो काढतो. पिवळ्या गर्दीचे फोटो त्या दिवशी शहरात हजारो निघतात. मुरलेला फोटोग्राफर त्या गर्दीत एक राखाडी ड्रेस शोधतो. त्या बाईंची रात्रपाळी झालेली असते किंवा वार चुकलेला असतो, आणि दोन्ही बाजूंच्या पिवळ्या मैत्रिणी त्यांना काहीतरी ऐकवत असतात. या फोटोतला रंग काढला की गोष्टच उरत नाही, नुसत्या तीन बाया उरतात. रंगीत फोटो पास की नापास, हे ठरवायला एवढी कसोटी पुरते.

दरम्यान घरच्यांचा वेगळाच गैरसमज झालेला असतो. जुन्या फिल्मचे रंग डिजिटल कॅमेऱ्यात उतरवण्यासाठी ज्या आकड्यांच्या जुळण्या करतात, त्यांना या मंडळींत ‘रेसिपी’ म्हणतात. रात्री अकराला होतकरू मित्राला फोनवर सांगतो, "तुझी ती कोडाक्रोमची रेसिपी पाठव, हायलाइट थोडा कमी कर." आईला वाटतं मुलगा स्वयंपाकात लक्ष घालू लागला. दुसऱ्या दिवशी ती कुकर लावायला सांगते, आणि घरात तणाव निर्माण होतो.

नोकरी सांभाळून हे व्याप करणाऱ्यांनी फ्रेड हर्झॉग यांचं नाव लक्षात ठेवावं. व्हँकुव्हरमध्ये ते पोटासाठी वैद्यकीय छायाचित्रण करत आणि उरलेल्या वेळात कोडाक्रोमवर शहराच्या पाट्या, न्हाव्यांची दुकानं, जुन्या गाड्या टिपत. सुरुवात १९५० च्या दशकात झाली आणि मोठं प्रदर्शन झालं २००७ मध्ये. ज्यांची हार्ड डिस्क उडाली आहे त्यांनी हेलन लेव्हिट आठवाव्यात. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रंगीत काम करण्यासाठी त्यांना १९५९ आणि १९६० मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली होती. १९७० मध्ये घरफोडी झाली आणि त्यातल्या बहुतेक स्लाइड्स चोरीला गेल्या. पन्नाशी उलटलेल्या लेव्हिटबाई पुन्हा रस्त्यावर उतरल्या, आणि १९७४ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या रंगीत स्लाइड्स दाखवल्या गेल्या.

आता एक विनंती. दिवाळीच्या तोंडावर मॅचिंग सेंटरच्या पायरीवर कोणी काळ्या टी-शर्टातला इसम कॅमेरा घेऊन घुटमळताना दिसला, तर दुकानदारांनी त्याला हाकलू नये. तो म्युन्सिपाल्टीचा नसतो. मात्र दारातला उजेड तो अडवत असेल, तर गिऱ्हाइकांनी त्याला खुशाल बाजूला करावं, आणि त्यानेही ब्लाउजपीसचं पारखून होईपर्यंत मुकाट्याने बाजूला उभं राहावं.